रेकॉर्डला राहतं

आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा मी साधाच विचार केला होता, की वर जायचं, बेल वाजवायची आणि सांगायचं, काका तुमच्याकडून पाणी येतंय. अठरा पायऱ्या आहेत फक्त. पण नवव्या पायरीवर सेक्रेटरी भेटले आणि म्हणाले, "छे छे, असं तोंडी नको, मेलवर टाका. रेकॉर्डला राहतं."

तर टाकला मेल. सोसायटीचा एक ग्रुप आयडी आहे, त्यावर पाठवलं की सगळ्या घरांना जातं. आता मी जिन्यात "काय काका, बरंय ना" म्हणणारा माणूस, पण कीबोर्ड समोर आला की काय होतं कुणास ठाऊक, "आपल्या निदर्शनास नम्रपणे आणून देऊ इच्छितो की" वगैरे तीन परिच्छेद झाले. एवढा नम्रपणा माणूस भयंकर चिडल्याशिवाय येत नाही.

दहा मिनिटांत पहिला रिप्लाय. "नोटेड." हे तळमजल्यावरचे, त्यांचा आमच्या छताशी संबंध काय देव जाणे. मग एका वहिनींनी लिहिलं की गळतीवरून आठवलं, माझ्या जागेवर लाल स्कूटर कोण लावतं? झालं. गळती गेली वाहून. स्कूटरवाल्याने पुरावा म्हणून इतके फोटो जोडले की जीमेलची २५ एमबीची मर्यादा संपून त्यांची ड्राइव्हची लिंक झाली, आणि लिंक उघडायला परमिशन लागते, ती नऊ जणांनी मागितली, तीही रिप्लाय ऑल करून. विषयाच्या जागी मात्र अजून 'बाथरूममधील गळती' हेच, आणि खाली भांडण पार्किंगचं.

मग ते सुरू झालं, "कृपया मला या मेलमधून वगळा." सगळ्यांना. त्यावर "मलाही." सगळ्यांना. त्यावर "कृपया रिप्लाय ऑल करू नका", हेसुद्धा सगळ्यांनाच. १९९७ साली खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये हे झालं होतं, सुमारे १३ हजार लोकांच्या यादीवर एकाने 'मला काढा' म्हटलं, मागोमाग बाकीचे 'मलाही' म्हणायला लागले आणि त्यांची मेल यंत्रणाच बसली. हे वाचून मला जरा बरं वाटलं. जे सॉफ्टवेअर बनवतात त्यांचं हे, आम्ही तर साधी बादली लावून बसलेलो.

या सगळ्यात वरच्या काकांचा एकच रिप्लाय, तोही ऑटोमॅटिक. "मी सध्या रजेवर आहे, परतल्यावर संपर्क साधेन." रिटायर होऊन बरीच वर्षं झालेला माणूस कसल्या रजेवर? मी खिडकीतून बघतोय, ते वर गॅलरीत झाडांना पाणी घालतायत. जीमेल हे उत्तर एकाच माणसाला चार दिवसांतून एकदाच पाठवतं, त्यामुळे मी पाचव्या दिवशी आठवण केली की परत रजा.

शेवटी माझा तोल गेला. सगळी मेलची माळ बायकोला फॉरवर्ड करून वर लिहिणार होतो, "हा म्हातारा मुद्दाम करतोय." लिहिलं. पण फॉरवर्डऐवजी रिप्लाय ऑल दाबलं गेलं, म्हणजे काकांसकट सगळ्यांना. पाठवलेला मेल मागे घ्यायचं बटण असतं, पण सेटिंगला हात लावला नसेल तर ते पाचच सेकंद दिसतं, आणि त्यातली चार मी 'अगं हे बघ काय झालं' म्हणण्यात घालवली. आता ते ३० सेकंदांवर करून ठेवलंय. बैल गेला आणि झोपा केला.

या मेलच्या कुळाचा शोध घेतला तर भारीच निघालं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवला, तो एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, आणि ते दोन्ही कॉम्प्युटर एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवलेले होते! म्हणजे शेजारच्याला हाक मारायची सोडून मेल टाकायचा, हे घराणं जुनं आहे. आणि त्या मेलमध्ये नेमकं काय लिहिलं होतं हे त्याला स्वतःला नंतर आठवत नव्हतं. पहिल्याच मेलचं रेकॉर्ड राहिलं नाही, सेक्रेटरींना कोणी सांगायचं?

परवा बेल वाजली. दारात काका. माझे कान गरम झाले, 'म्हातारा' आता निघणार. पण ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला तेव्हाच वेगळा मेल केला होता, प्लंबरला कधी आणू विचारायला. उत्तरच नाही तुमचं. स्पॅममध्ये गेला का बघा."

तिथेच उभ्या उभ्या फोन काढून बघितलं. स्पॅममधलं सगळं ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि आम्हाला झाले होते चाळीस. मागे बादलीत टप्प, टप्प चालू.

"नाही दिसत हो काका. पण कधीही आणा, उद्या आणा, मी घरीच आहे."

काका दोन पायऱ्या चढून गेले आणि मागे वळून म्हणाले, "तेवढं मेलवर टाका हं."