पाच तासांत मुंबई-नागपूर? हा मेसेज पुढे पाठवू नका

“मुंबई-नागपूर विमानाचं अंतर 685 किलोमीटर, समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर. मग विमान कशाला? 150 च्या वेगाने पावणेपाच तास! विमानाने घरापासून घरापर्यंत सात तास जातात. रात्री 11 ला निघा, पहाटे 4 ला नागपूर.” नातेवाइकांच्या ग्रुपवर हे फिरतंय. ते वाचून माझा भाचा आईवडिलांना घेऊन एकट्याने रात्रभर गाडी चालवायचं म्हणतोय, म्हणून लिहितो आहे.

अंतराचे आकडे बरोबर आहेत. पण 701 किलोमीटर हे भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरजवळच्या शिवमडक्यापर्यंतचे. अंधेरी-बोरिवलीहून आमणे गाठायचं म्हणजे ठाणे-भिवंडीची कोंडी पार करायची. तो वेळ मेसेजमध्ये कुठेच धरलेला नाही.

आता ते 150. रस्त्याची रचना त्या वेगासाठी केली आहे, गाडी त्या वेगाने चालवायची परवानगी नाही. कारसाठी मर्यादा 120 ची आहे, घाटात त्याहून कमी. क्षणभरही न थांबता सलग 120 ने गेलात तरी पावणेसहा तासांवर जातात. शासनसुद्धा आठ तासच सांगतं!

आणि रात्री निघायचा सल्ला कोण देतं? 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस धडकून उलटली, पेटली. 25 माणसं गेली. त्याच वर्षी नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेने इथल्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात ‘हायवे हिप्नोसिस’ हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आलं. सरळ, एकसुरी रस्त्यावर वळण नाही, सिग्नल नाही, डोळे उघडे असतात आणि मेंदू सुस्तावतो. पहाटे दोन ते पाच शरीर एरवीही झोप मागतं. 11 ला निघून 4 ला पोचायचं, म्हणजे त्याच वेळात 140 ची सरासरी ठेवा, असं हा मेसेज सांगतोय. शेजारी साठी ओलांडलेले आईवडील बसलेले असताना!

विमानाचे सात तास? आंतरराष्ट्रीय प्रवासासारखे तीन तास आधी पोचायचे धरलेत. देशांतर्गत प्रवासाला दोन पुरतात. वेळापत्रकातल्या दीड-पावणेदोन तासांत धावपट्टीपर्यंतची रांग आणि मुंबईवरच्या घिरट्याही येतात. दोन्हीकडचा शहरातला प्रवास आणि सामान धरून पाच-साडेपाच तास होतात, आणि नागपूरचा सोनेगाव विमानतळ शहरातच आहे. उशीर दिसू नये म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी जास्त वेळ धरतात, हे मान्य. चौघे असतील तर गाडी स्वस्त पडते, तेही मान्य.

गाडीनेच जायचं असेल तर उजाडल्यावर निघा, चालवणारे दोघे ठेवा, दर दोन तासांनी थांबा, टायर आणि हवा तपासून घ्या. भाच्याला हे कळवलंय. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी तो काढून टाकावा.