पाणी हलवू नका

दुपारी एका फोटोग्राफी ग्रुपवर एक फोटो आला, धुकं, सोनेरी उजेड आणि उडणारा थवा, खाली कॅप्शन 'निसर्गाची किमया'. लाइक्सचा पाऊस. मी सकाळी तिथंच होते, वीस-पंचवीस हातांवर. ती किमया निसर्गाची नव्हती, डिझेल इंजिनाची होती. राग उतरत नाहीये म्हणून लिहितेय, लांब होईल.

उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, भिगवणजवळ कुंभारगावच्या काठाला, आज जे धुकं होतं तसं दिवाळीनंतरच्या थोड्याच दिवसांत मिळतं. पाऊस संपलेला असतो, धरण भरलेलं असतं, रात्रभर आभाळ मोकळं म्हणून जमीन आणि हवा पहाटेपर्यंत गार होते पण एवढं पाणी काही एका रात्रीत गार होत नाही, मग त्याची वाफ गार हवेला लागली की पाण्यावरच धुकं धरतं. वारा पडलेला. साडेसहाच्या पुढेमागे सूर्य वर येतो आणि तो तिरपा पिवळा उजेड धुक्यातून आत येतो, बुडालेल्या बाभळींची वाळकी खोडं पाण्यात उलटी, त्यावर बसलेला पाणकावळा उलटा, पाणी कुठं संपलं नि आभाळ कुठं सुरू झालं काही कळत नाही. मग ऊन चढतं, काठ तापतो, वारा सुटतो, पाण्यावर लहरी येतात आणि संपलं. फार तर पाऊण तास मिळतो. त्यासाठी माणूस पुण्याहून पहाटे तीनला निघतो.

आणि त्या पाऊण तासात हा फोटो काढणाऱ्यांनी बोट थेट वारकऱ्यांच्या थव्यात घातली. (वारकरी म्हणजे ते काळे, पांढऱ्या चोचीचे पाणपक्षी.) मुद्दाम घातली हो! बोटीत चार-पाच मोठ्या लेन्सा आणि वर्कशॉप घेणारा गृहस्थ उभा राहून ओरडतोय, "अजून आत घ्या, उडवा उडवा!" वारकरी बिचारे पटकन उडू शकत नाहीत, आधी पाण्यावर पळत सुटतात, ते पळताना जो आवाज होतो तो ऐकवत नाही. लांब चक्रवाकांची जोडी होती, तीही ओरडत निघून गेली. लाटा काठापर्यंत आल्या. मी ट्रायपॉड लावून उभी, समोर नुसतं ढवळलेलं पाणी.

मला तेव्हा तिथले नावाडी मामा आठवले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा त्यांच्या होडीत होते, बरोबर एक अनोळखी साहेब, होडीचे पैसे वाटून घेतलेले. साहेब म्हणाले, मामा, घाला की होडी आत, उडताना पाहिजेत. मामांनी हातातला होडी ढकलायचा बांबू चिखलात रोवला आणि खाली बसले. "जेवाय बसल्यात ती. जेवत्या पंगतीतनं कुणी कुणाला उठवतं का, सायेब?" साहेब जादा पैसे देतो म्हणाले तरी मामा तसेच बसून.

आजच्या बोटीतल्यांना सगळं येत असतं हो. धुक्यात ऑटोफोकस भरकटतो म्हणून मॅन्युअलला टाकायचं, कॅमेरा धुकं बघून फोटो काळवंडवतो म्हणून एक्स्पोजर थोडं वर घ्यायचं, प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी गडद येतं म्हणून ग्रॅज्युएटेड फिल्टर (अर्धा गडद, अर्धा साधा) लावायचा, पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) नको तसा फिरवला तर प्रतिबिंबच गायब होतं. फी घेऊन हे सगळं शिकवतात. मग बांबू रोवून बसायला का शिकवत नाहीत?

उडत्या थव्याचा फोटो सुंदर असतो, मान्य. पण थवा आपला आपण उडतोच की! मार्श हॅरियर, म्हणजे शिकारी पक्षी, डोक्यावर आला की सगळं पाणी एकदम उठतं, थांबा ना तेवढं. लडाख-तिबेटकडून आलेला चक्रवाक आपल्या दारात दोन घास खातोय, त्याला उठवून आपण काय कमावतो?

नावाड्यांना बोलू नका कुणी. इंजिन त्यांनीच मारलं हे खरंय. पण १९८० च्या आसपास उजनीचं पाणी चढलं तेव्हा या लोकांच्या बापजाद्यांच्या जमिनी खाली गेल्या, आता मासेमारी आणि ही थोड्या महिन्यांची पर्यटकांची गर्दी, गिऱ्हाईक 'उडवा' म्हणतं आणि वर टीप देतं, तर तो काय करेल? मामांसारखं जादा पैशाला नाही म्हणणं सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्या गळ्यात लाखाची लेन्स आहे त्यानं लाजावं.

त्या दिवशी पुढं काय झालं तेही सांगते. साहेब तोंड फिरवून बसले, मामा गप्प, होडी जागच्या जागी. हळूहळू पाणी निवलं. एक टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी, होडीपासून हातभर अंतरावर वर आली, आमच्याकडे बघितलं आणि परत बुडी मारली. हळदी-कुंकू बदकं पिल्लं घेऊन समोरून गेली, खाली त्यांचं जसंच्या तसं प्रतिबिंब. शेवटी साहेबांनीच सगळ्यात जास्त फोटो काढले, उतरताना मामांना नमस्कार केला.

तर आता ग्रुपवर असला फोटो आला की लाइकच्या आधी नीट बघा. सगळ्या पक्ष्यांच्या शेपट्या तुमच्याकडे आहेत का? पाण्यात बोटीच्या लाटांच्या रेघा आहेत का? असतील तर खाली विचारा, कसा काढला. मी आज विचारलंय. कमेंट उडवली त्यांनी. परत टाकलीय.

रविवारी मी परत जातेय, गाडीत दोन जागा आहेत. मामा आता येत नाहीत, गुडघे गेलेत, त्यांचा मुलगा असतो. होडी बांबूनं ढकलायचीच घेणार, इंजिनाची नाही. पाण्यात मोठ्यानं बोलायचं नाही, फोन सायलेंट. ज्यांना फ्लाइट शॉट लगेच पाहिजे त्यांनी दुसरी गाडी बघा, बाकीच्यांनी इनबॉक्स करा.