इम्युनॉलॉजीच्या व्याख्यानमाला निरुपयोगी आहेत, हा दावा का टिकत नाही

विद्यापीठांत होणाऱ्या इम्युनॉलॉजीच्या, म्हणजेच रोगप्रतिकारशास्त्राच्या, व्याख्यानमालांविषयी एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: या व्याख्यानमाला म्हणजे संशोधकांनी एकमेकांची पाठ थोपटण्याचे कार्यक्रम आहेत, जे खरोखर महत्त्वाचे असते ते नियतकालिकांत छापून येतेच, ही मंडळी माश्या, कोंबड्या आणि उंदीर यांच्यात आयुष्य घालवतात, त्यांची मते सतत बदलतात, आणि प्रतिकारशक्ती वाढवायची कशी, हे लोकांना हवे असलेले एकच उत्तर ती कधी देत नाहीत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कामाचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यामुळे या मजकुरामागची चीड मला समजते. परंतु त्यातील विधाने तपासून पाहिली तर एकही धड उभे राहत नाही.

पाठ थोपटण्याचा आरोप आधी घेऊ. अशा व्याख्यानात पडद्यावर बहुधा ठिपक्यांचा एक आलेख येतो. फ्लो सायटोमीटर या यंत्रातून एकेक पेशी जाते, तिच्यावर चिकटवलेल्या रंगांचा प्रकाश मोजला जातो आणि प्रत्येक पेशीसाठी एक ठिपका उमटतो. संशोधक त्यातल्या एका पुंजक्याभोवती चौकट आखतो आणि सांगतो की या पेशी उपचारानंतर वाढल्या. इथे मागच्या रांगेतून प्रश्न येतो: ही चौकट कशाच्या आधारावर आखली? एक रंग वगळून केलेला तुलनेचा नमुना कुठे आहे? मृत पेशी आधी बाजूला काढल्या होत्या का? हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण मरणाऱ्या पेशींना कोणतीही अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन; रंग याच्याच आधारे पेशीला जोडतात) अकारण चिकटते आणि नसलेल्या पेशींचा पुंजका आलेखावर दिसू लागतो. असा प्रश्न सर्वांसमोर आला आणि उत्तर नसले, तर वक्त्याला तो प्रयोग पुन्हा करावा लागतो. उंदीर कोणत्या पुरवठादाराकडून आले, हाही असाच नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याला कारण आहे. आतड्यात एका विशिष्ट जातीचे तंतुमय जिवाणू असलेल्या उंदरांत टीएच-17 नावाच्या प्रतिकारपेशी भरपूर असतात, ते जिवाणू नसलेल्या उंदरांत फार कमी. हा फरक 2009 मध्ये निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या उंदरांच्या तुलनेतूनच स्पष्ट झाला. ज्याला पाठ थोपटून घ्यायची असेल, त्याने या सभागृहात न जाणेच बरे.

महत्त्वाचे ते छापून येतेच, हे विधान अर्धेच खरे आहे. छापून यायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि जे प्रयोग फसले ते बहुतेक वेळा छापलेच जात नाहीत. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत मात्र त्यांची माहिती मिळते, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याचे तेच काम पुन्हा करण्यात जाणारे वर्ष वाचते. पण याहून मोठी गोष्ट अशी की काही विचार छापण्याआधी बोलावेच लागतात, कारण त्यांना आधार देणारा प्रयोग अजून झालेला नसतो. 1989 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील परिसंवादात येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी अशीच एक मांडणी केली. शुद्ध प्रथिन टोचले तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. त्यात मृत जिवाणूंचा अंश किंवा तुरटीसारखा क्षार मिसळावा लागतो, तेव्हाच प्रतिसाद उठतो. ही गोष्ट प्रत्येक इम्युनॉलॉजिस्टला ठाऊक होती, पण ती का घडते हे कोणी विचारत नव्हते. जेनवे यांनी असे सुचवले की, टी आणि बी पेशींच्या, म्हणजे प्रत्येक रोगजंतूला नेमके ओळखणाऱ्या प्रतिकारपेशींच्या, आधी सूक्ष्मजीवांच्या ठरावीक खुणा ओळखणारी एक प्राचीन यंत्रणा शरीरात असली पाहिजे. त्या वेळी त्यांच्याजवळ पुरावा नव्हता, केवळ युक्तिवाद होता. त्या परिसंवादाच्या संग्रहात छापलेली ही मांडणी मॉस्कोतील रुस्लान मेदझितोव या विद्यार्थ्याच्या वाचनात आली. पुढे तो जेनवे यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाला आणि 1997 मध्ये दोघांनी मिळून मानवी पेशींतील तसा एक ग्राहक रेणू, म्हणजे अशी खूण ओळखणारा रेणू, दाखवून दिला.

माश्या आणि उंदरांविषयीच्या टोमण्याचे उत्तर याच कथेच्या पुढच्या भागात आहे. 1996 मध्ये ज्यूल हॉफमन यांच्या गटाने दाखवले की टोल हे जनुक (वरचा मानवी ग्राहक याच्याच कुळातला) बिघडलेल्या फळमाश्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. 1998 मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला, जिवाणूंच्या विषाला मुळीच प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांत त्याच कुळातील एक जनुक बिघडलेले आढळले. 2011 च्या नोबेल पुरस्कारात या दोघांचा वाटा होता. दरम्यान 2005 मध्ये कॅटलिन कॅरिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी हे दाखवले की बाहेरून दिलेला आरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणारा रेणू) याच कुळातील ग्राहकांना चेतवतो, आणि आरएनएमधील एका घटकात बदल केला तर हा गोंधळ टळतो. 2020 च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या कोविडच्या दोन्ही एमआरएनए लसी तशाच बदललेल्या आरएनएच्या आहेत. फळमाशीच्या अभ्यासाला निरुपयोगी म्हणणाऱ्याने ही साखळी कुठे तोडायची ते सांगावे.

कोंबड्यांचे म्हणाल, तर ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांनी कोंबड्यांच्या शेपटाजवळची एक पिशवी काढून टाकली होती. वर्गात अँटिबॉडी कशा तयार होतात हे दाखवण्यासाठी टिमथी चँग यांनी नेमक्या त्याच कोंबड्या वापरल्या, आणि त्यांच्यात अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत. एका ख्यातनाम नियतकालिकाने तो शोधनिबंध नाकारला आणि 1956 मध्ये तो कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात आला. आज ज्यांना आपण बी पेशी म्हणतो, त्यांच्या नावातील ‘बी’ त्या बर्सा नावाच्या पिशवीचा आहे.

या मुद्द्यात एक तथ्यांश आहे आणि तो मान्य केला पाहिजे: प्राण्यांत जे दिसते ते माणसात दिसेलच असे नाही. 2006 मध्ये लंडनमध्ये टीजीएन 1412 या औषधाची पहिली मानवी चाचणी झाली. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग दिला असतानाही ते मिळालेल्या सहाही निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात काही तासांत प्रतिकारयंत्रणेचे वादळ उठले आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सर्व जण वाचले. माकडांच्या काही टी पेशींवर त्या औषधाचे लक्ष्य असलेला रेणूच नसतो, हे कारण पुढे उलगडले. ही त्रुटी शोधून जगासमोर ठेवली तीही इम्युनॉलॉजिस्टनीच.

हीच घटना शेवटच्या तक्रारीचेही उत्तर देते. ते औषध टी पेशींना जोरदार चेतवण्यासाठीच बनवलेले होते. प्रतिकारशक्ती ‘वाढवणे’ ही कल्पनाच सदोष आहे, कारण तिला एकच पट्टी नाही. ती कुठे, किती आणि कोणाविरुद्ध उठावी यावर आरोग्य अवलंबून असते. फॉक्सपी-3 हे जनुक निकामी असलेल्या मुलग्यांत तान्हेपणीच मधुमेह, सततचे जुलाब आणि त्वचेचा दाह दिसतो. प्रतिकारयंत्रणेला आवरणाऱ्या पेशी त्यांच्यात तयार होत नाहीत, आणि आवर नसलेली ही यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. व्याख्यानात कोणी प्रतिकारशक्ती वाढवण्याचा उपाय सांगत नाही, याचे कारण एवढेच की तसा प्रामाणिक उपाय नाही. विशिष्ट रोगाविरुद्ध ती तयार करण्याचा उपाय मात्र आहे, आणि तो म्हणजे लस.

उरला मते बदलण्याचा आक्षेप. आवर घालणाऱ्या याच पेशींच्या बाबतीत तो तपासून पाहता येतो. प्रतिकाराचे दमन करणाऱ्या टी पेशी असतात, असे 1970 च्या दशकात मानले जाई. त्यांची ओळख ज्या आय-जे या खुणेवर बेतली होती, ती खूण घडवणारे जनुक अपेक्षित जागी नाहीच, असे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला रेणुजीवशास्त्राने दाखवले आणि तो विषयच बदनाम झाला. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये वेगळ्या खुणेवरून अशा पेशी पुन्हा दाखवल्या, तेव्हा श्रोत्यांत संशय होता, आणि तो रास्त होता. मेरी ब्रुंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने 2001 मध्ये उंदरांत फॉक्सपी-3 शोधले, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या जनुकाचा या पेशींशी संबंध जुळला. 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. इथे मत दोनदा बदलले, आणि दोन्ही वेळा नवा पुरावा समोर आल्यावरच बदलले.