समुद्राला जाताना तिथी बघून निघा

एमएच १५ ही पाटी परगावी दिसली की आपण नाशिककर आपोआप थांबतो. गेल्या जानेवारीत दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर मीही तशीच थांबले. गाडी नवी कोरी, पुढे बांधलेला हारही अजून काढलेला नव्हता. मागची दोन्ही चाकं वाळूत अर्धी रुतलेली आणि पाणी वीस-पंचवीस पावलांवर. घरचे सगळे मिळून ढकलत होते, आणि चाक फिरलं की गाडी आणखी खाली जात होती. कुणी चाकाखाली पायपुसणं घातलं, कुणी चटई. शेवटी गावातल्या एकाने ट्रॅक्टर आणून दोर बांधला. गाडी बाहेर निघाली तेव्हा लाटेचा फेस टायरला लागत होता. दोर सोडवता सोडवता तो मला म्हणाला, "ताई, हे आले तेव्हा सुकती होती. वाळू घट्ट लागली, घातली गाडी आत. भरती कधी लागणार ते एकाने तरी विचारायचं ना!" सुकती म्हणजे पाणी पुरतं ओसरलेलं असणं.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात आहे. आपण हॉटेलचं चेक-इन किती वाजता ते विचारतो, मासळीचं ताट कुठे चांगलं मिळतं ते विचारतो, कसारा घाटात किती वेळ लागेल ते बघतो. समुद्राची वेळ मात्र कुणी बघत नाही. आणि सगळं त्या वेळेवरच अवलंबून असतं. पोहता येईल की नाही, काय दिसेल, जीव सुखरूप राहील की नाही, सगळंच.

आपलं पाणी पूर्वेकडे जातं, त्यामुळे असं होत असावं. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. आपण गंगेवर, म्हणजे याच गोदावरीवर, वाढलेली माणसं. पूर किती आला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून आपल्याला कळतं. नदीचं वागणं आपण ओळखतो. दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी आपल्या सवयीचं नाही.

आणि हे शिकायला ॲपसुद्धा लागत नाही. आम्ही कोकणातल्या वेळासला ज्यांच्याकडे उतरतो, तिथल्या आजोबांनी मला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून शिकवलं. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. पहाटेची धरा, दुपारची धरा, दोन्ही वेळा जवळपास त्याच, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरून निघताना एवढा अंदाज पुरेसा असतो. रोज भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा हिशेब बसतो. चंद्राचं गणित आपल्या पंचांगात आधीपासूनच आहे. आपण त्यातून फक्त चतुर्थी आणि एकादशी बघतो.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण. पाणी खूप वर येतं आणि तेवढंच खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी. लहान मुलं घेऊन डुंबायला जायचं असेल तर मी अष्टमीच्या मागचेपुढचे दिवस धरते आणि पाणी भरत असतानाच उतरते. ओहोटी लागली की बाहेर. यावर माझं घरी कुणाशी दुमत झालं तरी मी ऐकत नाही, आणि त्याला कारण आहे.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा. तलावात न थांबता चाळीस फेऱ्या मारणारा. तीन वर्षांपूर्वी आम्ही गुहागरच्या बाजूला गेलो होतो. दोन्हीकडे लाटा फुटत होत्या आणि मधला एक पट्टा अगदी शांत, थोडा गडद. तो नेमका तिथेच उतरला, शांत दिसलं म्हणून. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला अशीच एखादी अरुंद वाट धरतं आणि त्या वाटेवर लाट फुटत नाही, म्हणून ती निवांत दिसते. रिप करंट म्हणतात तो हाच. पाचव्या मिनिटाला तो आमच्याकडे तोंड करून जोरात हात मारत होता आणि तसूभरही जवळ येत नव्हता. मला वाटलं खेळतोय. जाळं विणत बसलेले एक गृहस्थ उठून धावत पाण्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हात बाजूला फेकत ओरडले, "आडवा ये! आडवा!" भाच्याने ऐकलं. किनाऱ्याच्या दिशेने येणं सोडून तो किनाऱ्याला समांतर पोहत गेला आणि दोनशे पावलं पलीकडे, लाटा फुटत होत्या तिथून बाहेर आला. वाळूवर पडून खारट पाणी ओकला. त्याच्या पिंढऱ्या अर्धा तास थरथरत होत्या, मी हातात धरून बसले होते.

त्याचं पोहणं कुठेच कमी पडलं नव्हतं. आडवं यायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरच्या पोहणाऱ्याला आजच सांगा. ओढीशी भांडायचं नाही. दम लागला तर पाठीवर तरंगायचं आणि आडवं यायचं. गणपतीपुळ्याला, आणखीही कितीतरी ठिकाणी धोक्याच्या पाट्या आहेत. त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका.

आता वेळासबद्दल. नाशिकहून आठ-नऊ तास लागतात, पण माझ्या मते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकदाच कुठे जायचं असेल तर इथे जावं. मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात आणि मागे न बघता निघून जातात. पूर्वी ही अंडी लोक आणि कुत्री-कोल्हे उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि सकाळ-संध्याकाळ घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलून बघितलं जातं.

मी पहिल्यांदा पाहिलं त्या सकाळी टोपलीखाली सातच पिल्लं होती. तळहाताएवढीही नाहीत, राखाडी, पाठीवर ओली वाळू चिकटलेली. दोरीमागे आम्ही साठेक माणसं होतो आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. वाळूतल्या एका पावलाच्या ठशात एक पिल्लू पडलं. ते चढायचं, घसरायचं, परत चढायचं. शेजारच्या बाई हात पुढे करणार तेवढ्यात कार्यकर्ता हळूच म्हणाला, "नको ताई, त्याचं त्यालाच चालू दे." चौथ्या खेपेला ते वर आलं. मग लाट आली आणि ते दिसेनासं झालं. हजारातलं एखादंच मोठं होतं, असं सांगतात. पण जे होतं ते केवढं फिरतं! २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ओळखीची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालायला आली होती.

म्हणून त्या रुतलेल्या गाडीचा मला राग आला. ज्या वाळूवर आपण हौसेने चाकं फिरवतो, तिच्याखाली हातभर खोलीवर एखादं घरटं असू शकतं. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे रात्री हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च लावले की ती समुद्राऐवजी आपल्याकडे येतात. नांदूरमध्यमेश्वरला फ्लेमिंगो बघताना आपण श्वास रोखून उभे राहतो, दुर्बीण हातोहात फिरवतो. ही शिस्त आपल्याला येते. ती फक्त घाट उतरताना सोबत न्यायची.

हरिहरेश्वरला नाशिकची पुष्कळ माणसं देवदर्शनाला जातात. तिथली खडकावरची प्रदक्षिणा सुकतीलाच करायची असते, निदान तेवढं तरी पाळा. आणि उधाणाच्या दिवशी गेलात तर पहाटे किंवा संध्याकाळी पाणी लांब जातं, तेव्हा खडकांतल्या डबक्यांशी दहा मिनिटं उकिडवे बसा. शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, फुलासारखे उघडमीट करणारे जीव, सगळं वीतभर पाण्यात. याच्या उलट, हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. कातळातल्या चिरेतून पाणी उसळून वर येतं ते लांब उभं राहून बघा.

सर्फिंगबद्दल तरुण मंडळी विचारतात. शिकायचं तर मी कर्नाटकातलं मुल्की सुचवेन. देशातलं सर्फिंग तिथून फोफावलं. मंगला एक्सप्रेसमध्ये नाशिकरोडला बसलं की थेट उडुपी-मंगळुरू. पावसाळ्यातला अरबी समुद्र नवशिक्याचा नाही. दिवाळीनंतर लाटा लहान आणि सरळ येतात, त्या शिकायला बऱ्या. मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. पहिला तास नुसता वाळूवर, पालथं पडून एका झटक्यात उभं राहायचं. बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेली. तिसऱ्या दिवशी फार तर चार सेकंद उभी राहिले असेन, पण पायाखालून पाणी सरकतंय आणि आपण त्याच्यासोबत चाललोय, ही चार सेकंदं अजून अंगात आहेत.

एवढं लांब जमत नसेल तर बोर्डी आहे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत दीडशे किलोमीटरच्या आसपास, सुरूची बनं, घोलवडचे चिकू. तिथे सुकतीला पाणी इतकं मागे जातं की आलेला माणूस "इथे समुद्रच नाही" म्हणून परत फिरतो. भरतीला जा.

आम्ही येत्या फाल्गुनात वद्य सप्तमी धरून वेळासला निघतोय. साताचा पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे भरती, पिल्लांची वेळ होईपर्यंत पाणी जरासं उतरलेलं, साडेअकराला सुकती. त्यात मुलांना खडकांवर नेणार, आणि दुपारी पाणी भरायला लागलं की डुंबायला. गाडी गावातच राहील. कुणाला यायचं असेल तर सांगा, दोन जागा आहेत.