‘३० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर’: त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

छोट्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘तुमची वेबसाइट ३० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटी!’ आणि खाली सात नियम. मराठीत लिहू नका, गूगलला मराठी कळत नाही. मेटा कीवर्डमध्ये किमान पन्नास शब्द भरा. मुख्य शब्द दर शंभर शब्दांत तीनदा आलाच पाहिजे. प्रत्येक पान दोन हजार शब्दांचं हवं. आजूबाजूच्या प्रत्येक गावाच्या नावाचं वेगळं पान करा. पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक) विकत घ्या. गूगलला जाहिरात द्या, म्हणजे जाहिरातीबाहेरचा क्रमांकही वर सरकतो. हे सगळं जमत नसेल तर आम्ही करून देतो, असं म्हणून शेवटी एक फोन नंबर.

मी छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बांधतो आणि सांभाळतो. घरगुती मसाले विकणाऱ्या ताई, गणपतीच्या मूर्ती घडवणारे कारखानदार, कोकणात दोन-चार खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबं ही माझी गिऱ्हाइकं. ‘दादा, हे करून बघूया का?’ असं विचारत ते हा मेसेज मला पाठवतात. काहींनी तोवर पैसे भरलेले असतात. कष्टाचा पैसा असा जाताना बघवत नाही, म्हणून एकेक नियम तपासून उत्तर लिहितोय. सुरुवात सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या नियमापासून.

‘मराठीत लिहू नका, गूगलला मराठी कळत नाही’

हे साफ खोटं आहे. शोधणाऱ्याच्या वाक्यातले शब्द सुटेसुटे न धरता संदर्भासकट समजून घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्रजीसाठी सुरू केली. त्याच डिसेंबरात ती सत्तरहून जास्त भाषांना लागू झाली आणि त्या यादीत मराठी होती. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, गूगलने आणखी एक बदल जाहीर केला. कुणी रोमन लिपीत ‘गुहागरमध्ये राहण्याची सोय’ असं टाइप केलं, तरी योग्य वाटेल तिथे देवनागरीतली पानं दाखवायची. हिंदी, बांगला, तमिळ आणि तेलुगूबरोबर मराठीसाठीही हे तेव्हाच ठरलं.

मग मराठी वेबसाइट दिसत का नाहीत? बहुतेक वेळा कारण भाषेचं नसतं, पान ज्या पद्धतीने बनवलंय त्यात असतं. एक साधी तपासणी करा. तुमच्या वेबसाइटवरचा एक परिच्छेद माउसने निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी जशीच्या तशी आली तर ठीक. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा अगम्य गोळा आला, तर तुमचा मजकूर जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्टमुळे माणसाला मराठी दिसते, पण सर्च इंजिनाच्या हाती तो गोळाच लागतो. एके काळी कितीतरी मराठी वृत्तपत्रांच्या साइट अशाच होत्या. त्यांचा फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय बातमी वाचता येत नसे. छपाईसाठी डीटीपीवाल्याकडे बनवलेलं माहितीपत्रक तसंच्या तसं साइटवर चढवलं, तर आजही हाच घोळ होतो.

आणि परिच्छेद निवडताच आला नाही तर? मग तो मजकूर नसून चित्र आहे. माझ्याकडे येणाऱ्या होमस्टेच्या साइटवर हे हमखास सापडतं: खोल्यांचे दर, जेवणाचा मेन्यू, पत्ता, सगळं एका सुंदर रंगीत पोस्टरमध्ये, आणि पानावर खरा मजकूर म्हणून फक्त ‘आपले स्वागत आहे’. वर ब्राउझरच्या टॅबवर शीर्षक ‘होम’. ‘गुहागर’ हा शब्द पानाच्या मजकुरात एकदाही नाही. गूगल चित्रांकडे बघतं हे खरं, पण पोस्टरमधल्या अक्षरांच्या भरवशावर धंदा सोडू नये. तेच दर साध्या तक्त्यात टाइप करा, शीर्षक ‘गुहागरमधील घरगुती निवास: खोल्या, दर आणि जेवण’ असं द्या आणि फोटोंना त्यात काय दिसतंय ते सांगणारा पर्यायी मजकूर जोडा. मराठीत लिहू नका म्हणणाऱ्यांनी यातलं काहीच तपासलेलं नसतं.

पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) देवनागरी चालते का, हाही प्रश्न येतो. चालते. कॉपी केल्यावर तो पत्ता लांबलचक दिसतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि वेलांटीसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. ‘मराठी’ हा एक शब्द ४५ अक्षरांचा होऊन बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ते दिसायला वाईट दिसतं, तेव्हा रोमन पत्ता ठेवायचा असेल तर सोयीसाठी जरूर ठेवा. गूगलला मात्र दोन्ही वाचता येतात, आणि पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा असा खुद्द त्यांचाच सल्ला आहे.

इंग्रजी पानही हवं असेल तर वेगळं करा. मुंबई-पुण्याबाहेरून येणारे पाहुणे इंग्रजीत शोधतात, मान्य. पण मराठी पान काढून तिथे मोडक्या इंग्रजीतलं पान ठेवण्यात दोन्हीकडून तोटा आहे. मराठीत नेमकी माहिती देणारी पानं अजून थोडी आहेत, त्यामुळे चांगल्या मराठी पानाला तिथे स्पर्धाही कमी असते.

‘मेटा कीवर्डमध्ये पन्नास शब्द भरा’

या सल्ल्याची मुदत संपून बरीच वर्षं झाली. पानाच्या कोडमध्ये लपलेला हा रकाना नव्वदच्या दशकातली काही सर्च इंजिनं वाचायची. लोकांनी त्यात हवे ते शब्द कोंबले आणि तो निरुपयोगी झाला. २१ सप्टेंबर २००९ रोजी गूगलने अधिकृतपणे सांगितलं की, वेब शोधाचे क्रमांक ठरवताना आम्ही मेटा कीवर्ड वापरत नाही. त्यावर कुणी तुमच्याकडून आज पैसे घेत असेल, तर तो शून्य कामाचे पैसे घेतोय. शीर्षक आणि मेटा डिस्क्रिप्शन या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. शीर्षकाला वजन आहे. डिस्क्रिप्शनने क्रमांक वाढत नाही, पण निकालात तुमच्या नावाखाली दिसणाऱ्या दोन ओळी गूगल अनेकदा त्यातूनच घेतं आणि त्या वाचून माणूस क्लिक करायचं की नाही ते ठरवतो.

‘शंभर शब्दांत तीनदा’ आणि ‘दोन हजार शब्द’

हे दोन्ही आकडे हवेतले आहेत. नवशिक्यांसाठीच्या गूगलच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की, मजकुराच्या लांबीचं असं कोणतंही जादुई माप नाही. उलट तोच शब्द पुन्हा पुन्हा कोंबणं त्यांच्या स्पॅमविरोधी नियमांत बसतं.

मराठीत तर या नियमाने भाषेचा पार चेंदामेंदा होतो. आपल्याकडे शब्द विभक्तीत बदलतो: गुहागरला, गुहागरच्या, गुहागरमधून. पण कीवर्ड मोजणाऱ्याला ‘गुहागर होमस्टे स्वस्त’ हीच तीन पदं याच क्रमाने हवी असतात. मग पानावर वाक्य येतं: ‘आपण गुहागर होमस्टे स्वस्त शोधत असाल तर आमचे गुहागर होमस्टे स्वस्त उत्तम आहे.’ चार मुलांना घेऊन दिवाळीच्या सुट्टीत येणारं कुटुंब हे वाचून आगाऊ पैसे पाठवेल का?

त्या कुटुंबाला काय हवं असतं ते फोनवर ते विचारतातच. समुद्र चालत किती मिनिटांवर? एसटी स्टँडवरून न्यायला कुणी येतं का? दोन गाड्या लावायला जागा आहे का? मासे रोज मिळतात की आधी सांगावं लागतं? शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का? लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? पावसाळ्यात खोल्या चालू असतात का? आगाऊ किती भरायचं आणि बेत रद्द झाला तर परत किती मिळणार? या सगळ्यांची खरी उत्तरं पानावर लिहा. ती तीनशे शब्दांत बसली तर तीनशे, हजार लागले तर हजार. ती लिहिताना गुहागर, होमस्टे, मुक्काम, खोली, घरगुती जेवण हे शब्द आपोआप येतात आणि लोक नेमके त्याच शब्दांनी शोधतात. माझ्या मते फोनवर येणाऱ्या प्रश्नांची वही ठेवणं, हे कुठल्याही कीवर्ड टूलपेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे.

‘प्रत्येक गावाच्या नावाचं पान करा’

मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेली वीस-पंचवीस पानं. याला डोअरवे पानं म्हणतात आणि त्यावर गूगलची बंदी आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट याच प्रकारासाठी गूगलने निकालांतून काढून टाकली होती. जुन्या गाड्यांसाठीचा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा भरलेली पानं सर्च इंजिनासाठी होती, आणि माणसाने त्यांवर क्लिक केलं की समोर दुसरंच पान येत होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची गय झाली नाही. तुमच्या खरोखर दोन गावांत शाखा असतील, पत्ता, वेळा, माणसं वेगळी असतील, तर दोन पानं जरूर करा. त्यात काहीच गैर नाही.

‘पाचशे बॅकलिंक विकत घ्या’

या नियमात एक कण सत्याचा आहे, म्हणूनच तो जास्त धोकादायक. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकचा, म्हणजे पानाचं महत्त्व मोजण्याच्या पद्धतीचा, पायाच लिंक हा होता. इतर पानं एखाद्या पानाकडे बोट दाखवत असतील तर त्या पानाला महत्त्व आहे, आणि बोट दाखवणारं पान स्वतः जितकं महत्त्वाचं, तितकं त्या लिंकचं वजन जास्त. लिंकला आजही किंमत आहे. पण किंमत आहे म्हटल्यावर बाजार उभा राहिला, आणि त्या बाजारात काय होतं ते जेसी पेनीच्या प्रकरणातून कळतं.

जेसी पेनी ही अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. २०१० च्या नाताळ हंगामात कपडे, चादरी, गालिचे अशा कितीतरी शब्दांना ती गूगलवर पहिली येत होती. न्यूयॉर्क टाइम्सने खोदकाम केलं तेव्हा दिसलं की, तिच्याकडे येणाऱ्या हजारो लिंक अशा साइटवर पेरल्या होत्या ज्यांचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता: जुगाराची साइट, अणुअभियांत्रिकीची साइट, बल्गेरियातल्या घरांची साइट. फेब्रुवारी २०११ मध्ये हे छापून आलं. त्याआधी वृत्तपत्राने गूगलकडे विचारणा करताच कारवाई झाली होती. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांसाठी संध्याकाळी सातला पहिल्या क्रमांकावर असलेली ही दुकानसाखळी दोन तासांनी ७१ व्या क्रमांकावर होती. आम्हाला या लिंकांची कल्पनाच नव्हती, असं कंपनीने सांगितलं आणि आपल्या एसईओ (साइट शोधात वर आणण्याचं काम) सल्लागारांना काढलं. लिंक पेरल्या कुणीही असोत, घसरली ती पेनीची वेबसाइट.

पुढे २४ एप्रिल २०१२ रोजी ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला, तो खास अशा लिंक धरण्यासाठी. सप्टेंबर २०१६ पासून तो गूगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग झाला आणि तेव्हापासून अशा लिंक बहुधा नुसत्या शून्य धरल्या जातात. म्हणजे पाचशे लिंकांचे पैसे दिले आणि मिळालं काहीच नाही, ही चांगली शक्यता. वाईट शक्यता अशी की, गूगलचा माणूस स्वतः तपासतो आणि मॅन्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे साइटला निकालांत खाली ढकलण्याची किंवा काढून टाकण्याची शिक्षा, लागते. मग लिंक काढा, पुनर्विचाराचा अर्ज करा, वाट बघा. ऐन हंगामात हे झालं तर वर्षाची कमाई गेली. पैसे देऊन दिलेली लिंक जाहिरात म्हणून उघड सांगायची असेल, तर त्यासाठी २०१९ पासून ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण आहे. ती लावली की नियम मोडत नाही, पण क्रमांकही वाढत नाही. विकणारा हे तुम्हाला सांगत नाही.

कामाच्या लिंक हळूहळू मिळतात. येऊन गेलेल्या पाहुण्याने स्वतःच्या ब्लॉगवर लिहिलं, गावच्या देवस्थानाच्या साइटवर राहण्याच्या सोयींची यादी आहे, एखाद्या वृत्तपत्राने तुमच्या मसाल्यांवर लेख केला. अशा पाच लिंका मला त्या पाचशेंपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

‘जाहिरात द्या, क्रमांक वाढेल’

नाही. गूगलची जाहिरात आणि जाहिरातीबाहेरचे निकाल यांचा व्यवहार वेगळा आहे. जाहिरातीचे पैसे बंद झाले की जाहिरात बंद, बाकी निकालांवर परिणाम शून्य. जाहिरातीवर खर्च करण्याआधी गूगल मॅपवरची तुमच्या व्यवसायाची नोंद नीट करा, ती फुकट आहे. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. नावात मात्र ‘स्वस्त, उत्तम, समुद्राजवळ’ असं काही जोडू नका. पाटीवर असेल तेच नाव तिथे चालतं.

आणि ती ३० दिवसांची गॅरंटी

पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. सुधारणा करून फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलने २०१७ मध्ये सांगितलं होतं. गॅरंटीवाले ती पूर्ण करतात कशी? तुमच्याच होमस्टेचं पूर्ण नाव टाकून शोधतात आणि पहिल्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्या नावाने दुसरं कुणी नसतंच, मग पहिले येणार तुम्हीच. विचारायचं असतं ते हे की, तुमचं नाव माहीत नसलेल्या माणसाला तुम्ही दिसता का. त्याचं उत्तर गूगलच्या मोफत सर्च कन्सोलमध्ये मिळतं: कोणत्या शब्दांवर तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी क्रमांक काय.

एजन्सीला काम द्यायचंच असेल तर देऊ नका असं मी म्हणत नाही. चांगलं काम करणारे लोक आहेत. पण सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून तुमचा ईमेल ठेवा आणि एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंदणी तुमच्या नावावर आहे ना, ते स्वतः तपासा. दर महिन्याला कुठे काय बदललं आणि कुठल्या साइटवरून लिंक आणली याची लेखी यादी मागा. ‘ते आमचं सीक्रेट आहे’ असं उत्तर आलं, तर पुढचा हप्ता देऊ नका.