माया हवीच बाई, पण तेवढ्यावर भागत नाही

नमस्कार बाई,

बागांवरच्या मजुरांच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण आणि शिस्त हवी, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागानं लिहिलंत. मुलांना माया लागते, नियमावली नाही. अनुताई वाघांनी कुठे कोणाकडून संमतीपत्रं घेतली होती. अशा अटी घातल्या तर वस्तीत जायला कोणी उरणार नाही, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी प्रश्न: निवृत्तीनंतर मी द्राक्षबागेवरच्या पोरांना शिकवायला जाते, ते आता बंद करू का?

बंद करू नका, हे आधी सांगते.

आता अनुताई. त्या रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या, आपल्या नाशिककडच्या चांदवडलाही त्यांनी शिकवलं होतं. १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांसोबत त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मूल येत नाही म्हणून आईबापांना बोल न लावता आपल्या कामाची रीत बदलायची, यालाच मी व्यावसायिक मूल्य म्हणते. त्यासाठी पदवी लागतेच असं नाही, पण ते अंगी बाणवावं लागतं.

कारण माया आपण ठरवू तिथे जात नाही. गोड हसणाऱ्या, पटकन उत्तर देणाऱ्या मुलीवर ती आपोआप बसते. सतत मारामारी करणाऱ्या मुलावर, दारात उभं न करणाऱ्या बापावर ती बसत नाही. आणि आपली खरी गरज बहुतेक वेळा त्याच घरात असते.

तुमच्याच भागातलं बघा. द्राक्षांच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. नऊ-दहा वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसलेली दिसते. “पोरीला शाळेत का नाही घालत?” असं विचारलं की आई “घालू” म्हणते आणि विषय संपतो. “सकाळी कामावर निघताना घरात कसं असतं?” असं विचारलं तर ती बोलायला लागते. बाळाला कुणापाशी ठेवायचं, मुकादम किती वाजता बोलावतो, उचल किती घेतलीय, सगळं निघतं. मग कळतं की थोरलीची शाळा धाकट्याच्या अंगणवाडीवर अडलेली आहे. जवळच्या अंगणवाडीत त्याची सोय लावली आणि थोरलीचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेकडून मिळणारं कार्ड, इथल्या शाळेत दाखवलं, तर वाट निघू शकते. हा प्रश्न विचारण्याचा फरक शिकावा लागतो, बाई. नुसत्या कळवळ्यानं तो येत नाही.

कुपोषण ओळखायला लहान मुलाच्या दंडाचा घेर मोजतात, ती पट्टीही तशीच. माप ११.५ सेंटीमीटरच्या खाली आलं की मूल तीव्र कुपोषित धरतात. चार बायांसमोर “तुझं पोर लाल पट्टीत आलं” असं म्हटलं, तर ती आई पुढच्या वेळी मूल घेऊन येत नाही. माप बरोबर असतं आणि काम तिथेच फसतं. बाजूला नेऊन, काल काय खाल्लं, जुलाब होतात का, हे विचारत सांगितलं तर ती उपचारापर्यंत येते.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे मूल आपल्यापाशी येऊन “कोणाला सांगू नका हं” म्हणतं ती. प्रेमळ माणूस पटकन शब्द देतो. तो देऊ नये. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शब्द दिला की एक तर कायदा मोडतो, नाही तर मुलाचा विश्वास. त्यापेक्षा आधीच सांगावं: तुला धोका असेल तर मदत करणाऱ्यांना मी सांगेन, पण गावभर बोलणार नाही. शांतपणे ऐकावं, खोदून खोदून विचारू नये. वाट कळत नसेल तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करावा. पोलीस अधिकाऱ्यानं मुलाचा जबाब गणवेशात घेऊ नये, मुलाच्या घरी किंवा त्याला हवं त्या ठिकाणी घ्यावा, असंही त्याच कायद्यात आहे. हे माहीत असलेला माणूस शेजारी असला तर मुलाची भीती किती कमी होते!

कागदांबद्दल मात्र तुमचं पटतं. अंगणवाडी सेविकांचा किती वेळ नोंदी भरण्यात जातो, हे मी रोज पाहते, आणि त्याचा मलाही संताप येतो. तरीही आपण गेल्यावर मागे उरते ती नोंदच. मार्चनंतर टोळी परत गेली की मूल पेठच्या सेविकेच्या हाती असतं. तिला माप आणि औषध कळायला हवं, कुटुंबाच्या भांडणांची कहाणी नको.

तुमच्या वर्गाचे फोटो ग्रुपवर टाकता असं लिहिलंय. ते आईला विचारल्याशिवाय टाकू नका, आणि विचाराल तेव्हा तिला “नाही” म्हणता येईल असं विचारा. शिधा वाटल्यावर लगेच विचारलं तर ती नाही म्हणूच शकत नाही.

तर जात राहा. एकदा त्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून या, म्हणजे तुमचा वर्ग शाळेऐवजी नाही, शाळेकडे नेणारा होईल. मुलांना मात्र पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही काढणी संपेपर्यंत येणार आहात. नंतरचं वचन देऊ नका.