चार्जिंगचा लाल दिवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडीच्या डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा उडाला तर बॅटरीचं चार्जिंगच बंद पडू शकतं, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण लिहिलंत, "दिव्याचं काम फक्त सांगायचं, तो गेला म्हणून चार्जिंग कसं बंद पडेल? घरबसल्या ज्ञान पाजळू नका. आमचे मडगावचे मेस्त्री चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून दोन मिनिटांत दोष सांगतात."

मतभेद असू द्या, पण ओळख ना पाळख, 'ज्ञान पाजळू नका' ही कुठली रीत? माझ्या वडिलांचं फोंड्यात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचे, कार्बन (रोटरला करंट पोचवणारे घासते तुकडे) बदलायला बसायचो. घरबसल्या शिकलेलो नाही मी.

आता तुमचं ते वाक्य. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये चावी फिरवली की बॅटरीचा करंट त्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या रोटरकडे, म्हणजे आतल्या फिरत्या भागाकडे, जातो. त्या थोड्याशा करंटने रोटरमध्ये चुंबकत्व येतं आणि मग अल्टरनेटर स्वतःची वीज तयार करू लागतो. बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज आला की दिवा विझतो. बल्बच उडाला तर ही सुरुवातच होत नाही. रेस दिल्यावर कधी चार्जिंग पकडतं, कधी नाही. आणि दिवा पेटतच नसल्यामुळे मालक निर्धास्त!

म्हणून लेखात पहिली तपासणी तीच दिली होती: इंजिन बंद, चावी ऑन, दिवा पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर बल्ब, वायर, कार्बन बघा. इंजिन चालू असताना मंद पेटत राहिला तर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा अल्टरनेटरमधला भाग) किंवा कुठेतरी अडलेलं कनेक्शन. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी वरून धड दिसते, पण बोल्ट सोडला की खाली हिरवी पूड. मीटर लावल्याशिवाय हे कळत नाही. चालू इंजिनावर बॅटरीला साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत.

काही गाड्यांत बल्बला समांतर रेझिस्टर असतो, तिथे बल्ब जाऊनही चार्जिंग होतं. नव्या गाड्यांत तर दिवा आणि व्होल्टेज दोन्ही कॉम्प्युटर सांभाळतो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर, आणि लेखात त्यावर आणखी दोन ओळी चालल्या असत्या.

वायर काढण्याच्या चाचणीवर वाद घालत बसणार नाही. चालत्या इंजिनावर बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतो, डायोड आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) दोन्ही जाऊ शकतात. मेस्त्रींवर तुमचा विश्वास असेल तर जरूर ठेवा, पण माझ्या लेखाखाली हा सल्ला दुसऱ्यांना देऊ नका.